एकतर्फी करारावर सही झाली आहे? पुढे काय करता येतं

"करार अन्यायकारक आहे, म्हणजे तो रद्द होणारच ना?" असं विचारणाऱ्याला खरं उत्तर सहसा आवडत नाही. करार अन्यायकारक आहे एवढ्या एकाच कारणावरून तो रद्द करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने १९८४ साली १०३व्या अहवालात तशी शिफारस केली होती, २००६ मध्ये १९९व्या अहवालात पुन्हा केली. करार कायद्यात ती आजवर आलेली नाही. म्हणून आपल्याला जे संरक्षण मिळतं ते तुकड्यातुकड्यांनी मिळतं: थोडं १८७२च्या करार कायद्यात, थोडं ग्राहक संरक्षण कायद्यात, थोडं घरखरेदीसाठीच्या रेरा कायद्यात, थोडं सावकारी कायद्यात. आपला तुकडा कोणता हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी कायद्याचा स्वभाव समजून घ्या. करार कायद्याच्या कलम १६ खाली दिलेल्या उदाहरणांपैकी दोन पाहा. पहिल्यात एक माणूस गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी आहे आणि त्याच्याचकडून नवं कर्ज घेतो, अटी ऐकूनच कानाला हात लावावा अशा. इथे कायदा सावकाराला म्हणतो, तू दडपण आणलं नाहीस हे तू सिद्ध कर. दुसऱ्यात बाजारात पैशाची टंचाई आहे, बँकवाला नेहमीपेक्षा खूप जास्त व्याज मागतो आणि गरजू माणूस कबूल होतो. इथे कायदा म्हणतो, हा रोजचा व्यवहार आहे, दडपण वगैरे काही नाही. व्याज दोन्हीकडे चढं आहे. फरक आहे तो समोरच्याची तुमच्यावर पकड होती की नव्हती याचा. सौदा महाग पडला ही तक्रार कोर्टात फार चालत नाही. नाही म्हणायची सोयच नव्हती, ही चालते. खाली जे जे करायला सांगितलं आहे त्यामागे हाच एक मुद्दा आहे.

पहिली पायरी: तुम्ही कोण आहात ते ठरवा

तेच कलम ग्राहकाच्या बाबतीत रद्द होतं आणि व्यापाऱ्याच्या बाबतीत टिकतं. १९८६ साली कोलकात्याच्या एका सरकारी जलवाहतूक कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, कायम कर्मचाऱ्याला कारण न देता तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढून टाकता येईल असा सेवानियम रद्द केला. दोन बाजूंच्या ताकदीत जमीनअस्मानाचा फरक असेल आणि कमकुवत माणसाला छापील मसुद्यावर मुकाट्याने सही करण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरू शकतो, असं त्या निकालाने सांगितलं. पण त्याच निकालात हेही आहे की दोन्ही बाजू तोलामोलाच्या असतील किंवा दोन व्यावसायिकांमधला व्यवहार असेल, तर हे तत्त्व लागू होणार नाही. इंटरनेटवर या निकालाचा पहिला भाग सगळीकडे सापडतो, दुसरा कमी सापडतो.

तेव्हा आधी आपला खाना शोधा. स्वतःच्या वापरासाठी वस्तू किंवा सेवा घेतली असेल तर तुम्ही ग्राहक. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा किंवा शिलाई मशीनही यात बसते. घर बुक केलं असेल तर ग्राहक आणि रेरा असे दोन्ही दरवाजे उघडे. नोकरीतला बॉण्ड असेल तर ग्राहक कायदा विसरा, करार कायद्याची कलमं २७ आणि ७४ पाहा. खासगी सावकार असेल तर महाराष्ट्रात २०१४चा स्वतंत्र कायदा आहे. लहान कारखानदार किंवा पुरवठादार असाल आणि मोठ्या कंपनीने "पैसे १२० दिवसांनी" असं लिहून घेतलं असेल, तर आपली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, शोधून काढा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पैशांसाठी २००६चा कायदा ४५ दिवसांपलीकडची मुदत मानत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो, आणि उशिराच्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लावतो.

दुसरी पायरी: करार उलटा करून वाचा

कागद समोर घ्या, पेन्सिल घ्या. प्रत्येक अट दोनदा वाचा: एकदा आहे तशी, आणि दुसऱ्यांदा "मी" च्या जागी "तो" घालून. जी अट उलटी केल्यावर हास्यास्पद वाटते तिच्यावर खूण करा.

२०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं गुरुग्रामच्या एका फ्लॅटचं प्रकरण या वाचनासाठी उत्तम नमुना आहे. करार २०१२चा. हप्ता चुकला तर ग्राहकाने वर्षाला १८ टक्के व्याज द्यायचं. बिल्डरचा ताबा चुकला तर? ग्राहकाने आधी सवलतीची मुदत संपू द्यायची, मग आणखी बारा महिने थांबायचं, मग करार संपवण्याची नोटीस द्यायची, आणि त्यानंतर बिल्डर ९० दिवसांत ९ टक्क्यांनी पैसे परत करणार. म्हणजे तुझी चूक १८ची, माझी ९ची, आणि तीही मला वर्षभर उसंत देऊन. बिल्डरचं म्हणणं होतं की सही केली आहे, आता तक्रार कसली. न्यायालयाने म्हटलं की खरेदीदाराला ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्याशिवाय पर्यायच नव्हता हे दिसत असेल, तर अशी एकतर्फी अट अंतिम आणि बंधनकारक मानता येणार नाही. असा करार करून घेणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. ग्राहकाला सगळे पैसे १०.७ टक्के व्याजाने परत मिळाले.

त्या निकालात कोणी कोणाला धमकावल्याचा पुरावा लागला नाही. दोन अटी शेजारी ठेवल्या आणि तफावत बोलली. तुमच्याही कागदावर हाच उद्योग करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने तर "अन्याय्य करार" कशाला म्हणायचं याची यादीच दिली आहे. भरमसाट अनामत मागणं. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणं. योग्य तो आकार घेऊनही कर्ज मुदतीआधी फेडू न देणं. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवणं. तुमच्या संमतीविना करार तिसऱ्याकडे सोपवून तुमचं नुकसान करणं. आणि शेवटी, ग्राहकाला तोट्यात ढकलणारी कोणतीही गैरवाजवी अट. हा सहावा मुद्दा मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे. जिम, मॅरेज हॉल, कोचिंग क्लास, हॉलिडे क्लब यांच्या "कोणत्याही परिस्थितीत पैसे परत मिळणार नाहीत" या छापील ओळीवर बोट ठेवायला तो बरा पडतो.

काही अटींवर फुली मारा आणि त्यांची धास्ती सोडून द्या. "या करारासंबंधी दावा तीस दिवसांच्या आतच करता येईल" यासारखी, कायद्याने दिलेली मुदत कापणारी अट करार कायद्याच्या कलम २८ने रद्दबातल आहे. "वाद झाल्यास फक्त दिल्ली न्यायालयात" हे ग्राहकाला अडवू शकत नाही, कारण ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करू शकतो. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही. नोकरीत मात्र वेगळं: एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी बँकेच्या नेमणूकपत्रातली "फक्त मुंबईची न्यायालये" ही अट ग्राह्य धरली, आणि पाटण्यात काम केलेल्या कर्मचाऱ्याला मुंबईचा रस्ता दाखवला.

दंडाच्या आकड्यावर विशेष लक्ष द्या. कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई, फार तर त्या आकड्यापर्यंत. फेब्रुवारी २०२५ मध्ये घराच्या किमतीच्या २० टक्के बयाणा जप्त करण्याची अट एकतर्फी ठरली आणि १० टक्केच कापू दिले गेले. पण त्याच खटल्यात खरेदीदार बाजार पडला म्हणून मागे फिरले होते, त्यामुळे परत मिळणाऱ्या रकमेवरचं व्याज त्यांना नाकारलं गेलं. तुमचं कारण काय होतं हेही कोर्ट पाहतं.

तिसरी पायरी: सही कशी झाली ते आजच लिहून काढा

सगळ्यात जास्त केसेस इथे मरतात. अट कितीही कडक असली तरी "माझा नाइलाज होता" हे दाखवायला कागद लागतो. प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, शंभर वर्षांपूर्वीचा एक निकाल अजूनही कायद्याच्या वर्गात शिकवतात. बाप-लेकाचं इस्टेटीवरून बिनसलं, बापाने मुलावर फौजदारी लावली. मुलाने बचावासाठी सुमारे दहा हजार रुपये गहाणावर घेतले, २४ टक्के चक्रवाढीने. अकरा वर्षांत देणं अकरा पटीच्या पुढे गेलं. तरी मुलगा हरला. न्यायाधीशांनी क्रम ठरवून दिला: आधी दाखवा की सावकार तुमच्या इच्छेवर स्वार होण्याच्या स्थितीत होता, ते दाखवलंत तरच आम्ही अटी किती जाचक ते पाहू. मुलाला पैशाची निकड होती हे खरं, पण निकड आणि सावकाराची पकड या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या.

हा क्रम डोक्यात ठेवून टिपण करा. कोणत्या दिवशी, कुठे, कोणासमोर सही झाली. मसुदा आधी घरी न्यायला दिला होता का, की काउंटरवरच "इथे, इथे आणि इथे" झालं. कागद कोणत्या भाषेत होता, तुम्हाला ती वाचता येते का, वाचून कोणी दाखवला का. बदल मागितला होता का आणि काय उत्तर मिळालं. "सगळे हेच साइन करतात", "बदल होणार नाही, सिस्टीममध्ये लॉक आहे" अशी वाक्यं ज्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर आली असतील ते जपा. संपूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करा, फक्त स्क्रीनशॉट नको. फोन बदलायचा विचार असेल तर थोडे थांबा, जुना हँडसेट ठेवा. त्या वेळी घरात आजारपण होतं, पगार अडला होता, आधीचे पैसे अडकलेले होते, तर त्याचे कागद त्याच फाइलमध्ये लावा. आधी पैसे भरून घेतले आणि करार नंतर पुढे केला, ही तारखांची उलटापालट फार बोलकी असते. घराच्या बाबतीत तर रेराचं कलम १३च सांगतं की नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरने १० टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायची नाही.

कर्ज बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं असेल तर मुख्य तथ्य पत्रक मागा, तिथे त्याला केएफएस म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात न दाखवलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि मागितल्याचा मेल हा स्वतःच एक पुरावा आहे.

चौथी पायरी: हरकत घ्या, आणि लवकर घ्या

दडपणाखाली झालेला करार आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करण्याचा पर्याय तुम्हाला मिळतो. दडपण सरल्यावरही तुम्ही हप्ते भरत राहिलात, फायदे घेत राहिलात, तर तुम्ही तो मान्य केला असा अर्थ निघतो. विम्याच्या दाव्यांत हे वारंवार दिसतं. कमी रक्कम देताना "पूर्ण व अंतिम समाधान" असं लिहून घेतात. सही पैशासाठी नाइलाजाने झाली असं सिद्ध झालं तर ती आड येत नाही. पण २०१४ साली दावा करणाऱ्या एका कंपनीचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही, कारण पैसे घेऊन तीन आठवडे ती गप्प होती आणि मग दबावाची तक्रार केली. कंपनीला तीन आठवडे जास्त ठरले. साध्या माणसाला थोडी सूट मिळेल, पण तिच्या भरवशावर राहू नका.

पैसे भरावेच लागणार असतील तर हरकत राखून भरा. पावतीच्या मागे, ऑनलाइन भरत असाल तर त्याच दिवशी मेलने, मजकूर असा काही:

"आज दिनांक … रोजी मी रुपये … भरत आहे. करारातील अट क्र. … मला मान्य नाही. ही रक्कम न भरल्यास आपण ताबा/कागदपत्रे देणार नाही असे आपण दिनांक … रोजी कळवल्यामुळे, माझे सर्व हक्क व हरकती राखून ती भरत आहे. रक्कम परत मिळण्यासाठी दाद मागण्याचा माझा हक्क अबाधित आहे."

एवढं पुरतं. कायद्याची कलमं, "आपली नाचक्की करीन" वगैरे काही घालू नका. दुसरा पक्ष कोर्टात हाच कागद दाखवणार आहे, तेव्हा तो सभ्य असू द्या.

त्यानंतर रीतसर नोटीस. पोच मिळेल असं स्पीड पोस्ट आणि सोबत मेल. नोटिशीत नेमकं काय हवं ते मागा: अमुक अट काढा, की अमुक रक्कम परत करा, की संपूर्ण करार रद्द करा. शेवटचं मागत असाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: करार मोडला की मिळालेला लाभही परत करावा लागतो. कर्ज रद्द करून मागणाऱ्याला मुद्दल ठेवून घेता येत नाही. म्हणून पुष्कळदा सबंध करारावर हल्ला करण्यापेक्षा एका अटीवर नेम धरणं शहाणपणाचं असतं.

मुदती: ग्राहक तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं, दस्त रद्द करून मागण्याच्या दिवाणी दाव्याला वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं. बिल्डरशी, बँकेशी "बोलणी चालू आहेत" म्हणून घड्याळ थांबत नाही.

पाचवी पायरी: योग्य दरवाजा

ग्राहक तक्रारीत एक बारीक खोच आहे, नवखे हमखास इथे अडकतात. भरलेल्या रकमेनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय, ही झाली नेहमीची वाटणी. पण "हा करारच अन्याय्य आहे, अट रद्द ठरवा" अशी मागणी जिल्हा आयोगात होत नाही. ती १० कोटींपर्यंत राज्य आयोगात आणि त्यावर राष्ट्रीय आयोगात करायची असते. तुम्हाला फक्त पैसे परत हवे असतील तर मसुदा "सेवेतील त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" असा बांधा आणि जिल्ह्यातच जा. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील नसला तरी चालतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून पाहायला हरकत नाही. मोठ्या कंपन्या तिथेच थोडं नमतं घेतात.

घरासाठी महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण. तिथल्या संकेतस्थळावर आदर्श करारनामा आहे. बिल्डरने दिलेला मसुदा त्याच्या शेजारी ठेवा आणि कुठे काय बदललं आहे ते पाहा. ताबा रखडला तर बाहेर पडून व्याजासह पैसे, किंवा थांबून दरमहा व्याज, निवड तुमची. रेरात दोन्ही बाजूंचा व्याजदर एकच आहे, महाराष्ट्रात स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाचा पायाभूत दर) २ टक्के जास्त. १८ आणि ९चा खेळ इथे संपतो. तक्रारीची फी ५,००० रुपये.

भाड्याच्या घरासाठी एक कमी माहितीचं हत्यार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणतो तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट अडवून "रंगकाम, डीप क्लीनिंग" अशी यादी पुढे करणाऱ्या मालकाला हे कलम एकदा लिहून पाठवा.

नोकरीचा बॉण्ड

यावर जरा थांबू, कारण पुण्या-नाशिकच्या पोरांचे निम्मे प्रश्न इथलेच असतात. "दोन वर्षं सोडता येणार नाही, सोडल्यास दोन लाख भरा" आणि "सोडल्यावर वर्षभर याच क्षेत्रात काम करायचं नाही" या दोन अटींची गल्लत करू नका.

दुसरी अट कलम २७खाली जवळजवळ नेहमी रद्दबातल ठरते. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचीच गोष्ट घ्या. एका मॅनेजमेंट कंपनीशी त्याचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाशी करार करायचा तर आधी आम्हाला विचारायचं, अशी अट त्यात होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार संपल्यानंतर लागू होणारं असं बंधन चालत नाही. कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या घेऊन जाता येत नाहीत हे वेगळं. पण कौशल्य तुमचंच.

पहिली अट मात्र टिकू शकते. मे २०२५ मध्ये एका सार्वजनिक बँकेचा तीन वर्षं नोकरी नाहीतर दोन लाख हा बॉण्ड सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. बँकेने म्हटलं होतं की खुल्या भरतीचा खर्च मोठा असतो, मधेच माणूस गेला तर तो पुन्हा करावा लागतो. आणि ज्येष्ठ व्यवस्थापक पदाच्या पगारापुढे दोन लाख अवाजवी नाहीत. या निकालाच्या बातम्यांनंतर "आता सगळे बॉण्ड वैध" असे मेसेज फिरले, ते खरं नाही. खासगी कंपनीने ज्याला तीन आठवड्यांचं पीपीटी दाखवलं त्याच्याकडून पाच लाख मागितले, तर कलम ७४ आहेच: प्रत्यक्ष काय खर्च झाला ते दाखवा. म्हणून प्रशिक्षणाच्या तारखा, विषय, शिकवणारा कोण होता, पहिल्या महिन्यापासून तुम्हाला क्लायंटच्या कामाला लावलं होतं का, हे लिहून ठेवा. बॉण्डपैकी किती काळ भरला तेही सांगा. दोन वर्षांतले वीस महिने काढले असतील तर पूर्ण रक्कम मागणं अडचणीचं जातं.

मूळ गुणपत्रिका देऊ नका, दिल्या असतील तर यादीसह पोच घ्या. कोरा चेक तर अजिबात नको. सही केलेला कोरा चेक दिसला की तुम्ही पैसे देणं लागताच असं गृहीत धरून कायदा पुढे जातो, आणि ते खोडून काढण्याचं ओझं सही करणाऱ्यावर येतं.

सावकाराचा कागद

हा विषय महाराष्ट्राच्या हाडामासाचा आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या घरातल्या कर्जरोख्यांवर होता. अनेक ठिकाणी तेच जाळले गेले. त्यातून १८७९चा दख्खन शेतकऱ्यांचा कायदा आला आणि न्यायाधीशाला रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ व्यवहार काय झाला हे उकरून पाहायचा अधिकार मिळाला. आजच्या कायद्यातही तोच धागा आहे.

कर्ज देणाऱ्याकडे परवाना आहे का हे आधी पाहा. परवाना असेल तर महाराष्ट्रात ठरवून दिलेले दर असे: शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. "महिना पाच टक्के" हे वर्षाला साठ होतात, अवैध सावकारीत हिशेब नेहमी महिन्यात सांगतात त्याचं कारण हेच. परवाना नसेल तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. कर्जापोटी जमिनीचं गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून घेतलं असेल, तरी चौकशीत तो व्यवहार खरा तर तारणाचा होता असं दिसल्यास दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. त्यासाठी दाखवायच्या खुणा: किंमत बाजारभावाच्या किती खाली होती, खरेदीनंतरही जमीन कोण कसत होतं, सातबारावरची पीकपाहणी कोणाच्या नावे, आणि "खरेदी" नंतरही तुम्ही दरमहा पैसे कशाचे देत होतात. फोन पेच्या नोंदी इथे सोन्याच्या असतात. जुन्या व्यवहारांना मुदतीची अट आहे, तेव्हा पुढच्या हंगामावर ढकलू नका.

घरातल्या घरात झालेलं बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हाही याच कलम १६चा प्रांत आहे, आणि दडपण आणणारा आपलाच असल्याने सगळ्यात अवघड. वयस्कर आईवडिलांना एकच सांगणं: घर मुलाच्या नावे करायचंच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात लिहून घ्या. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अट लिहिलेली नसेल तर तीच शाबीत करण्यात वर्षं जातात.

वकिलाकडे जाताना

महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असल्यास. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. जाताना कराराची पूर्ण प्रत न्या, फक्त सहीचं पान नको. करार तुमच्याकडे नसेल तर तो मागितल्याचा मेल न्या. पैशांच्या सगळ्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावा, खुणा केलेल्या अटींचे क्रमांक एका पानावर लिहा आणि सही कशी झाली त्याचं टिपण सगळ्यात वर ठेवा. वकील आधी तेच मागतील.